सिद्धगडचं आवतण
२ जानेवारी १९४३ ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात धारातीर्थी पडले. दरवर्षी त्या दिवशी त्यांना वंदन करायला माणसं येतात, एरवी ट्रेकर येतात. पण जीप, जेवण, वाटाड्या सगळं वेगवेगळं शोधावं लागतं. जीपवाला, जेवण करणारी मावशी आणि वाटाड्या या तिघांनी मिळून एकच रील काढावी असं मला कळकळीनं वाटतं: पहाटे जीपच्या काचेवरचं दव, चुलीवर टम्म फुगलेली तांदळाची भाकरी, कड्याकडे बोट दाखवणारा वाटाड्या. इन्स्टाग्रामवर ‘कोलॅब’ केलं की तीच पोस्ट तिघांच्याही खात्यावर दिसते, वेगळा खर्च नाही. म्हसा गावच्या जत्रेत दुकानं शेजारी शेजारी लागतात, तेव्हाच गर्दी सगळ्यांची होते ना! मात्र भाकरी थापणाऱ्या मावशीचं खातं तिच्याच नावानं, तिच्याच फोनवर हवं, आणि जेवणाचे पैसेही थेट तिलाच मिळावेत.