मनगटाचे गणित

शाळेचे अहवाल संगणकावर टंकित करता करता आमची मनगटे अशी ठणकू लागली, की फळ्यावर खडू धरणेही जड झाले. चिरंजीवांनी दोन तुकड्यांचा छोटा कळफलक आणून दिला. सवयीने आम्ही तुकडे जवळच मांडले, ठणका तसाच! मग ते खांद्यांच्या अंतरावर नेले, आतील कडा किंचित उचलल्या, कोपरे काटकोनात येईतो खुर्ची चढविली, लोंबकळत्या पायांखाली पाट घेतला. पंधरवड्यात मनगटे निवली. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. त्यामुळे बाराखडीही न भांडता विभागली गेली. वाचकहो, जन्मभर मुलांना ‘नीट बसा’ म्हणणारे आम्ही, नीट बसणे पंचावन्नाव्या वर्षी शिकलो!