घरचे मैदान, पाहुण्यांची परीक्षा

आपल्या गल्लीत कुत्रासुद्धा वाघ असतो, असे म्हणतात. बास्केटबॉलमध्ये ही म्हण चक्क आकड्यांत मोजता येते. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत कित्येक वर्षे १०० पैकी साधारण ६० सामने यजमान संघच जिंकत असे. १९८५-८६ च्या हंगामात तर बोस्टन सेल्टिक्स हा संघ घरच्या ४१ सामन्यांपैकी फक्त एक हरला.

संगणकावर बास्केटबॉलचा हुबेहूब खेळ रचायचा, तर घरच्या मैदानाचा हा फायदा त्यातही आणावा लागतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे यजमान खेळाडूंचा नेम थोडा वाढवायचा आणि पाहुण्यांचा थोडा घटवायचा. मग घरातली मुले कुरकुरतात, “आई, कॉम्प्युटर लबाडी करतो!”

मुलांच्या या तक्रारीत तथ्य आहे बरे का! बास्केटबॉलमध्ये ‘फ्री थ्रो’ असतो. प्रतिस्पर्ध्याने फाऊल केला की १५ फुटांवरून, कुणीही न अडवता चेंडू बास्केटमध्ये टाकायची संधी मिळते. पाहुणा खेळाडू नेम धरू लागला की समोरचे प्रेक्षक हात हलवतात, आरडाओरडा करतात. तरीही टोबियास मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी ‘स्कोअरकास्टिंग’ (२०११) या पुस्तकासाठी आकडे तपासले, तेव्हा फ्री थ्रोमध्ये यजमान आणि पाहुणे यांचा नेम जवळजवळ सारखाच निघाला.

मग फायदा होतो कुठे? या लेखकांच्या मते मुख्यतः पंचांच्या शिटीत. पंच लबाड नसतात. पण हजारो लोक एका सुरात ओरडत असताना क्षणार्धात निर्णय द्यायचा, तर संशयाचा फायदा नकळत यजमानांच्या पदरात पडतो. शिवाय एनबीएत लागोपाठच्या दोन रात्री खेळण्याची पाळी पाहुण्यांवर अधिक येते. त्या थकव्याचाही यात वाटा आहेच.

म्हणजे संगणकातला खेळ खरा वाटायला हवा असेल, तर पाहुण्यांचा नेम बिघडवून चालणार नाही. फरक करायचा तो पंचांच्या निर्णयात आणि खेळाडूंच्या दमात. आकडाही जुना वापरून भागणार नाही. २०२३-२४ च्या हंगामात यजमानांच्या विजयाचे प्रमाण १०० मध्ये सुमारे ५४ पर्यंत उतरले होते.

यात आपल्यासारख्या पालकांनीही ध्यानात घ्यावे असे काही आहे. शाळेच्या सामन्यात आपण कडेला उभे राहून पंचांवर ओरडतो, तेव्हा आपल्या मुलाचा खेळ त्याने सुधारत नाही. आपण फक्त पंचांचे मन डळमळीत करत असतो. आणि त्याची किंमत मोजतात पाहुणी म्हणून आलेली दुसऱ्या कुणाची तरी मुले. पुढच्या आठवड्यात तुमची मुले त्यांच्या मैदानावर पाहुणी असतील. तेव्हा टाळ्या भरपूर वाजवा. शिटी मात्र पंचांनाच वाजवू द्या!