नाव वाचून काम कळावे

‘एपिफनी’ म्हणजे साक्षात्कार. पण या नावाच्या साधनातून इंटरनेट उघडते, हा साक्षात्कार नवख्याला व्हावा कसा? लिनक्सवर चालणाऱ्या ‘ग्नोम’ या मुक्त प्रणालीतील ब्राउझरचे हेच नाव होते. फाइली दाखवणाऱ्या साधनाचे नाव होते ‘नॉटिलस’, म्हणजे शंखात राहणारा एक समुद्री जीव. २०१२ साली ग्नोमच्या निर्मात्यांनी ही नावे बदलून साधी ‘वेब’ आणि ‘फाइल्स’ अशी ठेवली.

बदल किरकोळ वाटतो, पण नसतो. औषधांच्या जगाने हा धडा फार आधी घेतला. जागतिक आरोग्य संघटना १९५३पासून औषधांच्या जेनेरिक नावांच्या याद्या प्रसिद्ध करते. त्या नावांना शिस्त असते. ॲटॉर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन ही नावे ‘व्हास्टॅटिन’ने संपतात, म्हणून दोन्ही कोलेस्टेरॉल कमी करणारी आहेत हे शेपटावरूनच कळते. शिस्त नसेल तर काय होते? अमेरिकेत आम्लपित्तावरचे ‘लोसेक’ आणि लघवी वाढवणारे ‘लॅसिक्स’ यांत गफलत होऊ लागली. अखेर १९९०मध्ये लोसेकचे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले.

संगणकात चुकीचे साधन उघडल्याने सहसा जीव जात नाही. मात्र काम अडते आणि माणूस ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून उठून जातो. मुक्त प्रणालीला परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून ती शाळांना आणि सरकारी कार्यालयांना परवडते. तिथला पहिलटकर वापरणाराच नावापाशी अडखळला, तर फुकट मिळून उपयोग काय? शिवाय साध्या नावाचे भाषांतर होते. ‘फाइल्स’चे मराठीत ‘फाइली’ करता येते. ‘नॉटिलस’चे काय करणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. नाव फारच सामान्य असेल, तर बिघाड झाल्यावर मदत शोधणे कठीण जाते. ‘फाइल्स चालत नाही’ एवढ्यावरून कोणाची कोणती फाइल, हे कळत नाही. ‘ग्नोम’मध्ये प्रोग्रामरांच्या कामकाजात जुनी नावे अजून टिकून आहेत, ती त्यामुळेच उपयोगी पडतात. उपाय औषधाच्या पट्टीवरच छापलेला आहे: जेनेरिक नाव आणि ब्रँडचे नाव, दोन्ही. पडद्यावर काम सांगणारे नाव ठळक हवे. वेगळी ओळख देणारे नाव ‘माहिती’च्या चौकटीत हवे.

नाव ठेवणाऱ्याला ते एकदाच सुचावे लागते. वापरणाऱ्याला रोज वाचावे लागते. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी ते साधन कधीही न पाहिलेल्या चार-पाच जणांना एवढेच विचारावे, ‘हे कशासाठी असेल?’ उत्तर चुकले, तर दोष त्यांचा नव्हे, नावाचा.