मुशायऱ्यातल्या पांढऱ्या दाढ्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात मुशायरा झाला. नेहमीप्रमाणे आम्ही वेळेआधी जाऊन पुढची जागा धरली. सोबत आठवीत शिकणारी नात होती. कार्यक्रम सुरू होण्याआधी तिने मागे वळून सभागृहाकडे पाहिले आणि सहज विचारले, "नाना, इथे सगळे तुमच्याच वयाचे का आहेत?"

आम्हीही वळून पाहिले. खरेच होते. पांढऱ्या दाढ्या, टोप्या, जाड भिंगांचे चष्मे. तीस वर्षांपूर्वी याच मंडळींसोबत आम्ही दरीवर बसून रात्र जागवली होती. माणसे तीच होती, फक्त वय वाढले होते.

हे आपल्याकडेच घडते आहे असे नाही. अमेरिकेतल्या सरकारी कलासंस्थेने 1982 मध्ये पाहणी केली, तेव्हा जॅझ संगीत ऐकायला जाणाऱ्यांपैकी निम्मे लोक 29 वर्षांच्या आतले होते. 2008 मध्ये तो आकडा 46 वर गेला. सव्वीस वर्षांत श्रोत्यांचे वय सतरा वर्षांनी वाढले. म्हणजे जुने श्रोते येत राहिले, पण नवे पुरेसे आले नाहीत.

"आजकालच्या मुलांना मोबाइलशिवाय काही सुचत नाही," असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच मोबाइलवर ही मुले शायरी ऐकतात. 2013 साली सुरू झालेल्या 'रेख्ता' संकेतस्थळावर उर्दू शायरी उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिपींत वाचता येते. 2015 पासून दिल्लीत भरणाऱ्या 'जश्न-ए-रेख्ता'त तरुण मुलामुलींची झुंबड उडते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना उर्दू लिपीतले एक अक्षरही येत नाही. तेव्हा आवड आटलेली नाही. वाट कुठे अडली ते पाहायला हवे.

पहिली अडचण लिपीची. वली आणि सिराज यांच्या औरंगाबादेत, मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्त्यांत उर्दू अजून घराघरात आहे. पण आपल्यापैकी अनेकांची मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. शिकावीतच, त्यात गैर काही नाही. मात्र कार्यक्रमाची पत्रिका, मंचामागचा फलक आणि शायराचा संग्रह हे सारे त्यांना वाचता न येणाऱ्या लिपीत असते. मुलांना दारातच परके वाटते.

दुसरी अडचण वेळेची आणि जागेची. पूर्वी मोहल्ल्यातल्या मैदानात मुशायरा पहाटेपर्यंत चाले. मुले आईच्या मांडीवर पेंगत, मध्येच 'वाह वाह' ऐकून जागी होत. न शिकवता कान तयार होई. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातून मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तेवढीच. नियम योग्यच आहे, कारण शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचा विद्यार्थी असतो. पण आमच्याकडे मुशायरा मैदानातून बंद सभागृहात गेला आणि निमंत्रणाच्या कार्डावर आला. कार्ड ज्येष्ठांच्या नावाने निघते. बायकांसाठी मागच्या दोन रांगा. आई येत नाही, म्हणून मूलही येत नाही.

तिसरी अडचण आम्हा ज्येष्ठांची. मुशायरा हा नुसता पाहण्याचा कार्यक्रम नव्हे. शायर पहिला मिसरा म्हणतो, श्रोते तो उचलतात. 'सफर', 'नजर' असे काफिये कानावर पडले की पुढे 'खबर' येणार की 'असर', याचा अंदाज बांधतात आणि शायराच्या आधीच शब्द उच्चारतात. निम्मी मजा त्यात आहे. पण हा खेळ आहे हे मुलांना कोणी सांगितलेच नाही. त्या रात्री आमच्या नातीने हळूच एका शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा शेजारच्या बुजुर्गांनी "श्श" केले. खरे सांगायचे तर त्यांच्याआधी आम्हीच केले होते. दुसऱ्या शायरानंतर ती झोपून गेली.

घरी आल्यावर लाज वाटली. आमच्या कपाटात अम्मींची बयाज आहे. आवडलेले शेर त्या वहीत उतरवून ठेवत. अम्मींना जाऊन बरीच वर्षे झाली. आज घरात ती वही वाचू शकणारे फक्त आम्ही आहोत. आमचे डोळे मिटले की अम्मींचे अक्षर म्हणजे नुसती नक्षी उरेल. तिकडे सभागृहाच्या खुर्च्या रिकाम्या होतील त्याचे दुःख आहेच, पण ही वही मुकी होईल याचे जास्त आहे.

म्हणून आता दर जुम्याला मगरिबनंतर आम्ही नातीसोबत बसतो. बयाजमधला एकच शेर. आम्ही वाचतो, ती देवनागरीत उतरवते, अर्थ विचारते. आधी काफिया झाकून ठेवायचा आणि तिने ओळखायचा. पहिल्या महिन्यात चार चुकले, दुसऱ्यात दोन बरोबर आले. मध्ये एकदा ती म्हणाली, "अशी गझल मराठीतही असते ना?" आम्ही तिला सुरेश भटांचा आणि इलाही जमादारांचा संग्रह आणून दिला. मराठीतून गझलेचा कान तयार झाला, तर उर्दूची वाट सोपीच होते. अलिफ-बे लिहायला तिने आपणहून सुरुवात केली आहे.

आयोजकांनाही आमची विनंती आहे. कार्यक्रम संध्याकाळी ठेवा. पत्रिका देवनागरीतही छापा. बायकांना आणि मुलांना पुढे जागा द्या. कठीण शब्दांचा अर्थ निजामत करणाऱ्याने दोन वाक्यांत सांगितला तर शायराची शान कमी होत नाही. आणि पहिल्या अर्ध्या तासात एखाद्या नवख्या मुला-मुलीला मंचावर येऊ द्या. त्याचे आईबाप, मित्र, बहिणी आपोआप येतील.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी बयाज, नातांची वही किंवा दादीच्या ओव्यांचा कागद असेल. या महिन्यात तो बाहेर काढा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला शेजारी बसवा. त्याने मध्येच प्रश्न विचारला, तर मात्र "श्श" म्हणू नका.