दंडारीला शाल नको, पगार द्या

मोठेबाबा गेले तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत सतरा शाली निघाल्या. बहुतेकींची घडीही मोडलेली नव्हती. दोन तर दुकानाच्या पिशवीतच होत्या, किमतीची चिठ्ठी तशीच. आरमोरीहून सायकलीनं जाता येईल एवढ्या अंतरावरच्या आमच्या गावात हा माणूस चाळीस वर्षं दंडार नाचला, पोरांच्या दोन पिढ्यांना त्यानं नाचायला शिकवलं, आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी त्याला मंचावर बोलावून त्याच्या खांद्यावर शाल टाकली. नारळ घरी फुटायचा, शाल पेटीत जायची, फोटो काही यायचा नाही. दुसऱ्या दिवशी मोठेबाबा रोजीनं धान कापायला.

तर माझं म्हणणं सरळ आहे. हे सत्कार बंद करा. पगार द्यायचा नसला की आपण माणसाचा सत्कार करतो.

ज्यांनी दंडार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि मंडईत दंडार उभी राहते. तिच्यात नाच आहे, गाणं आहे, सोंग आहे, मधेच एखाद्याची टोपी उडवणारा संवाद आहे. आज वडशाच्या नाटक कंपन्यांचं जे गाजतं, रात्रभर चालणारी तिकिटाची नाटकं, त्या झाडीपट्टी रंगभूमीचं मूळ अभ्यासक दंडारीतच शोधतात. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी पुण्यात होतो. गावाकडच्या सगळ्या पोरांच्या स्टेटसला तीन दिवस तोच फोटो होता, माझ्याही. आनंद खराच होता. पण पद्मश्री एका माणसाला मिळते. तिच्यामुळे कुठल्या तालुक्यात दंडार शिकवणाऱ्याची जागा निघत नाही.

नाटकाला निदान तिकीट आहे. दंडारीला तेही नाही. आणि आता नाटकात मधेच नाच हवा असला तर बाहेरून लावणीवाल्या येतात. गावच्या दंडारवाल्यानं खुर्च्या मांडायच्या.

हे सगळं डोक्यात जुळायला मला एडिनबराला जावं लागलं, याची थोडी लाज वाटते. कंपनीनं तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. तिथल्या टीममधला एक जण मला एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेला. तीस-चाळीस माणसं समोरासमोर दोन रांगांत उभी, एक व्हायोलिन, एक अकॉर्डियन, आणि शिकवणारी एक बाई. ती काय करते विचारलं तर म्हणाली, हेच. शाळांमध्ये शिकवते, शनिवारी कार्यक्रमात नाचते, उरलेल्या वेळात जुन्या नाचांच्या वह्या वाचते. पैशांची ओढाताण होते, तेही तिनं सांगितलं. पण ‘नाच ठीक आहे, कामधंदा काय?’ असं तिला तिथं कोणी विचारत नव्हतं.

हे आपोआप झालेलं नाही. १९२३ मध्ये ग्लासगोत जीन मिलिगन आणि इझोबेल स्टुअर्ट या दोघींनी स्कॉटिश कंट्री डान्ससाठी संस्था काढली. नाच गोळा करायचे, छापायचे, शिकवणारे तयार करायचे. पुढच्याच वर्षी पहिलं पुस्तक निघालं. मिलिगनबाई शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवायच्या, म्हणजे नाच शाळांपर्यंत नेणारी माणसं त्यांच्या वर्गातच बसलेली होती. १९५१ मध्ये संस्थेच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं. आज तिची शिक्षकाची परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे आणि जगभर शाखा आहेत.

माझा आवडता माणूस मात्र वेगळाच. टॉम फ्लेट. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लाग्रांजच्या मीन व्हॅल्यू थिअरमनं ज्यांना छळलं त्यांना सांगतो, त्याच्या भाऊबंदांत एक फ्लेटचं थिअरम आहे, १९५८ चं. ते याचंच. हा गणितज्ञ आणि त्याची बायको जोन स्कॉटलंडभर म्हाताऱ्या माणसांना गाठत हिंडले. तुम्ही कसं नाचायचात, कोणी शिकवलं, पाऊल नेमकं कसं पडायचं, सगळं लिहून घेतलं. १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. दोघं स्वतः नाचायचे, म्हणूनच त्यांना नेमके प्रश्न विचारता आले.

आता आपल्याकडे बघा. नाचणारा रोजीवर जातो. शिकवणारा म्हणून वेगळा कोणी नाहीच, जो नाचतो तोच रिकाम्या वेळी शिकवतो. आणि संशोधन करणारा शहरातून गाडी करून येतो, दंडारीतली गाणी उतरवून घेतो आणि जातो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारखा इथल्या मातीतला माणूस झाडीबोलीसाठी आयुष्य देतो, पण अशी माणसं किती? गाण्याचे शब्द कागदावर येतात. पाय येत नाहीत.

हा दोष माझाही आहे. २०१९ च्या मंडईत मी मोठेबाबांची दंडार मोबाइलवर शूट केली, दोन ठिकाणी बॅकअप ठेवला आणि काम झालं समजलो. त्यांना दाखवली तर म्हणाले, “बापू, याच्यात मानसाईचे डोस्केच दिसतेत. कोनता पाय पहिले उठला, सांग बरं?” मला सांगता आलं नाही. आमच्या धंद्यात बस फॅक्टर म्हणतात: किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल. आमच्या गावच्या दंडारीचा बस फॅक्टर तेव्हा एक होता, हे मला कळायला हवं होतं. नोकरीत असा प्रोजेक्ट दिसला असता तर मी त्याच दिवशी मॅनेजरला मेल टाकला असता.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: लोककला संस्थेत कोंडली की मरते, प्रमाणपत्रानं ती गुळगुळीत होते. यात तथ्य आहे. ग्लासगोच्या संस्थेवरही हाच आरोप झाला, की तिनं गावोगावचे फरक पुसून नाच बैठकीच्या खोलीत बसेल असा केला. पण तो आरोप कोण करू शकलं? ज्यांच्याकडे फरकांची नोंद होती ते. आमच्याकडे फरक पुसायला संस्था लागलेली नाही. म्हातारे मेले की ते पुसले जातात.

दुसरं उत्तर मला जास्त चीड आणतं: पैसा आला की निष्ठा जाते. मला कोडिंग आवडतं. आवडतं म्हणून ते शाल-श्रीफळावर कर, असं मला अजून कोणी सुचवलेलं नाही. निष्ठेची ही अट फक्त गरिबाच्या कलेला का?

सरकार काहीच करत नाही असं नाही. ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे, २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये. पण ते पन्नाशी झाल्यावर. म्हणजे गुडघे गेल्यावर. तीस वर्षांच्या पोरानं दंडार शिकवत जगायचं ठरवलं तर त्याच्यासाठी काय आहे?

आरमोरीला कोसा होतो. येनाच्या झाडावर किडे पोसणारे ढिवर लोक आणि दंडारीच्या रिंगणातले लोक, आमच्याकडे पुष्कळदा एकच. त्या किड्यासाठी राज्याचं रेशीम संचालनालय आहे नागपूरला. अंडी कुठून आणायची, रोग पडला तर काय करायचं, हे सांगायला पगारी माणूस आहे. असायलाच हवा. त्याच माणसाच्या नाचासाठी एक कारकूनसुद्धा नाही.

गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आहेत. तालुक्याला एक माणूस नेमा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचा पगार द्या. त्यानं आठवड्यातले चार दिवस शाळांत शिकवावं, मंडईच्या हंगामात नाचावं, पावसाळ्यात म्हाताऱ्यांकडे बसून लिहावं. पदवीची अट नको, परीक्षा पायांची घ्या. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, वह्या तिथं ठेवता येतील. आमची दंडार आणि पलीकडे आदिलाबादच्या गोंडांची दंडारी-गुसाडी यांचं नातं ठरवायलाही दोन्हीकडची पावलं टाकता येणारा माणूसच लागेल. बारा पगार. एका महोत्सवाच्या मंडपाचा खर्च काढून बघा.

तोवर मी सुट्टीत जे जमतं ते करतो. यंदाच्या दिवाळीत मोठेबाबांच्या जोडीचे दोघे शोधले, एक पंच्याहत्तरचे, एक त्यांच्याहून मोठे. चौकोनी कागदाची वही घेतली. डावा, उजवा, ढोलकीची थाप कुठं, गिरकी कुठून. तीन चाली उतरल्या. चौथ्या चालीत गिरकी डाव्या पायावर की उजव्या, यावरून दोघांचं भांडण झालं आणि थोरले उठून घरी गेले. मी वहीत दोन्ही लिहून ठेवलं आहे. होळीला पुन्हा जाईन.