बावन्न पुस्तकांचं व्रत

वाचन थांबलं की माणसाचं चारित्र्यच तपासायला घेणारी मंडळी अलीकडे बरीच झाली आहेत. त्यांतल्या एका व्याख्यात्यांचा शब्द सध्या प्रमाण मानला जातो, म्हणून त्यांचा समाचार घेणं भाग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पुस्तक हातात धरवत नाही, चार पानांपलीकडे मन लागत नाही, ही सगळी आळसाची सोंगं आहेत. त्यावर औषध एकच, शिस्त. वर्षाला ५२ पुस्तकांचा संकल्प सोडावा. रोज ५० पानं झाल्याखेरीज अंथरुणाला पाठ टेकू नये. हाती घेतलेलं पुस्तक अर्धवट टाकू नये. संपलेल्या पुस्तकाची वहीत नोंद करावी आणि त्या नोंदीत रहस्यकथा, विनोदी लेखन, दिवाळी अंक असलं काही धरू नये, कारण तो विरंगुळा झाला, वाचन नव्हे. मोबाइल अर्थातच माळ्यावर. श्रोते माना डोलावतात, घरी जाताना नवी वही घेतात आणि संक्रांतीपर्यंत कसेबसे तग धरतात. उद्यापनाचा विधी तेवढा व्याख्यात्यांनी अजून सांगितलेला नाही.

आधी त्या ५२ चा हिशेब पाहू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ एका रविवारी वाचून होते. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ सहाशे पानांच्या आसपास आहे. वहीत दोघींना ओळ एकेकच. मग नोव्हेंबर उजाडला आणि आकडा तिशीतच अडकलेला असला, की संकल्पवाल्याचा हात कपाटातल्या कोणत्या पुस्तकाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. पानांच्या सक्तीचं तर त्याहून विचित्र आहे. व्हिक्टर नेल या मानसशास्त्रज्ञाने निव्वळ आनंदासाठी वाचणाऱ्यांचा अभ्यास केला आणि त्यावर १९८८ साली ‘लॉस्ट इन अ बुक’ हे पुस्तक लिहिलं. वाचकाला जी पानं सर्वांत आवडतात ती तो इतर पानांपेक्षा सावकाश वाचतो, असं त्याला आढळलं. रोजच्या ५० पानांच्या कोट्यात पहिला मार बसतो तो या आवडत्या पानांना. शिवाय १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग आहेच. चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या काही मुलांना प्रशस्तिपत्रकाचं आमिष आधीच दाखवलं गेलं. पुढे आमिष नसताना ती मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक अचानक मिळालं, त्यांची हौस मात्र कमी झाली नाही. मुलांची चित्रं वेगळी आणि मोठ्यांचं वाचन वेगळं, हे मान्य. पण हौसेला हिशेब चिकटवला की हौसेचं काय होतं, याबद्दल व्याख्यात्यांनी दाखवलेला निर्धास्तपणा त्यांना कुठून मिळाला, तेही त्यांनी सांगावं.

घेतलेलं पुस्तक पुरं करण्याचा आग्रह वरवर सात्त्विक वाटतो. प्रत्यक्षात वाचन बंद पाडायला तो एकटा पुरतो. अनेकांचं वाचन अडतं ते एखाद्याच पुस्तकाशी. ऐंशीव्या पानावर खूण घातलेली असते, पुढे जाववत नाही, आणि ते सोडून दुसरं उघडणं म्हणजे हार मानणं असं वाटतं, म्हणून दुसरंही उघडलं जात नाही. एका न आवडलेल्या कादंबरीपायी कपाटातली शंभर पुस्तकं बंद राहतात. फ्रेंच शिक्षक आणि कादंबरीकार दानिएल पेनाक याने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे आणि पुन्हा वाचण्याचाही आहे. वर्गात मुलांना वाचायला लावण्यात वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाला हे म्हणावंसं वाटलं, याला काही अर्थ आहे.

पण खरी चीड येते ती ‘विरंगुळा म्हणजे वाचन नव्हे’ या वाक्याची. हे वाक्य नवं नाही. मराठीत कादंबरी रांगत होती तेव्हाही ते ऐकू येत होतं: कादंबऱ्यांनी तरुण बिघडतात, बायका चुलीवरचं दूध उतू घालवतात, त्यापेक्षा पोथी बरी. त्याच काळात, १८९० साली, हरि नारायण आपट्यांनी लोकांच्या घरबसल्या मनोरंजनासाठी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. विधवेच्या आयुष्याची ती कहाणी लोकांनी कर्तव्य म्हणून वाचली नाही. पुढच्या अंकाची वाट पाहत वाचली. आज ती अभ्यासक्रमात लावून, तिच्यावर टिपणं काढायला लावून आपण तिला पुरेशी गंभीर करून ठेवली आहे. मग आले बाबुराव अर्नाळकर. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, आणि झुंझार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांच्यापायी कित्येकांना पान उलटण्याची चटक लागली. तेव्हाही वाद झालाच, की ग्रंथालयाच्या पैशातून असली पुस्तकं घ्यावीत का. नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा तत्त्वाचा होता. देवघेवीच्या टेबलासमोरच्या रांगेचा मुद्दा वेगळा होता. त्यानंतरचा वाद ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांचा. १९६२ची ‘स्वामी’, १९६७ची ‘मृत्युंजय’. भाषा सजवलेली, भावना उतू जाणाऱ्या, इतिहासाचं आणि महाभारताचं सोयीचं रूप, अशी टीका झाली, आणि त्यातली काही रास्तच होती. पण एरवी वर्तमानपत्रापलीकडे न वाचणारी माणसं ‘मृत्युंजय’चा तो जाडजूड ग्रंथ घेऊन बसली आणि संपवूनच उठली, ही गोष्ट टीकाकारांच्या खिजगणतीत कधी आली नाही. वाचन म्हणजे नुसती अभिरुची नव्हे. त्याला दम लागतो, तासभर एका जागी बसून डोळ्यांमागे मन चालवण्याची सवय लागते, आणि ही सवय माणूस आवडत्या मजकुरावरच करतो. नारायण धारपांच्या भयकथेने रात्री दोनपर्यंत जागवलेल्या माणसाचा तो दम वाया जात नसतो. ‘पण मग तो धारपांपाशीच थांबला तर?’ असं विचारतील. थांबेलही. धारपांपासून नेमाड्यांपर्यंत सरळ रस्ता जातो अशी हमी मी देणार नाही. मात्र वर्षानुवर्षं अभिजात ग्रंथांची यादी भिंतीला चिकटवून एकही न वाचणाऱ्यांपेक्षा तो पुष्कळ पुढे आहे, आणि ती यादी देणाऱ्यांनीही कुठली हमी दिलेली नाही.

आळसाच्या आरोपाला फार जागा द्यायचं कारण नाही. दिवसभर कार्यालयात फायली आणि पत्रं वाचून डोळे शिणलेला माणूस आळशी नसतो. आणि घरात मृत्यू झाल्यावर, लांबलेल्या आजारात किंवा नैराश्यात एकाग्रता उडते हे डॉक्टरांना ठाऊक असलेलं लक्षण आहे. अशा माणसाला शिस्त सुनावणं हा निर्दयपणा आहे. मोबाइलबद्दल व्याख्याते म्हणतात ते बरोबर आहे, फक्त त्यांची व्याख्यानं लोक मोबाइलवरच ऐकतात.

मग करायचं काय? माझ्याकडे यादी नाही, आणि जे आहे ते अगदी साधं आहे. मन उडालेलं असताना नवं पुस्तक धरण्याऐवजी एकदा आवडलेलं पुन्हा काढावं. कथानक ठाऊक असतं, त्यामुळे पुढे काय होतं याची घाई नसते आणि वाक्यांकडे लक्ष जातं. तुकड्या-तुकड्यांनी वाचता येईल असं काही घ्यावं. ‘माणदेशी माणसं’मधलं प्रत्येक व्यक्तिचित्र आपापल्या पायांवर उभं आहे, चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ कुठूनही भेटतात. आणि १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेला दिवाळी अंक पहिल्या पानापासून वाचायचा असतो असं कोणीही सांगितलेलं नाही. घरात दुसरं कोणी असेल तर मोठ्याने वाचावं. चातुर्मासात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हीच आपल्याकडची जुनी रीत. मुकाट्याने एकट्याने वाचणं त्या मानाने अलीकडचं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर मोठ्याने वाचली की अधिकच खुलतात, कारण त्या लिहीत नाहीत, बोलतात.

याहून उपयोगाचं म्हणजे गावातल्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी. विकत घेतलेलं पुस्तक पैशांची आठवण देत राहतं. ग्रंथालयातलं न वाचता परत केलं तरी कोणी कारण विचारत नाही. रत्नागिरीचं ग्रंथालय १८२८ पासून, नाशिकचं १८४० पासून, पुण्याचं १८४८ पासून ही सोय देत आलं आहे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत मांडलं. त्या पाचांत किती पुस्तकं आणि किती दिवसांत याचा उल्लेख नाही. कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकं चाळावीत, एक न्यावं, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणावं. हे करूनही दोन-तीन महिने काहीच वाचवलं नाही, तर तेही चालेल. पेनाकच्या यादीतला पहिला हक्क न वाचण्याचाच आहे.