जनरल करींवरचा चुकीचा खटला

पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम तोंडावर आला असताना केवळ स्वतःच्या लौकिकासाठी कॅनेडियन कोअरचे सेनापती जनरल आर्थर करींनी बेल्जियममधल्या मॉन्स शहरापायी माणसे मारली, हा आरोप कॅनडात शंभर वर्षांनंतरही पुरता मेलेला नाही. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबायला दोन मिनिटे उरली असताना जॉर्ज प्राइस हा कॅनेडियन शिपाई मॉन्सजवळ गोळी लागून पडला, हे खरेच. पण शत्रूचा पिच्छा सोडू नका, हा हुकूम दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती फॉश यांचा होता. करी तो पाळणाऱ्यांपैकी एक. आरोप पहिल्यांदा जाहीरपणे केला तो माजी मंत्री सॅम ह्यूज यांनी, १९१९ मध्ये, तोही संसदेत, जिथल्या बोलण्यावर दावा लावता येत नाही. त्यांच्या मुलाला, गार्नेटला, करींनी पहिली डिव्हिजन दिली नव्हती. पुढे गार्नेटच्या हाताखालची पाचवी डिव्हिजनही मोडून तिची माणसे आघाडीवरच्या पलटणींत भरली. ती राखून दोन कोअर उभ्या केल्या असत्या, तर करींना आर्मी कमांडरची बढती चालून आली असती. लौकिकाला हपापलेला माणूस ती नाकारतो, हे कोडे आरोपकर्त्यांनीच सोडवावे.

आरोप करणाऱ्याच्या मनात डूख होता, एवढ्याने आरोप खोटा ठरत नाही, हे मान्य. म्हणून करींची रीत पाहावी. जुलै १९१७ मध्ये फ्रान्समधल्या लान्स शहरावर चालून जाण्याचा हुकूम आला. शहरावर नजर ठेवणारी ७० क्रमांकाची टेकडी शत्रूकडे असताना खालच्या गल्ल्यांत शिरणे म्हणजे आयते सापडणे, हे त्यांनी वरिष्ठांच्या गळी उतरवले. आधी टेकडी घेतली आणि ती परत मिळवायला आलेले जर्मन तोफांच्या माऱ्यात सापडले. त्यानंतर लान्समध्ये घुसण्याचा जो प्रयत्न झाला तो मात्र महागात पडला, आणि त्याचा दोष करींच्याच पदरी पडतो. पुढे बेल्जियममधल्या पाशेनडेलच्या चिखलात उतरायला त्यांनी विरोध केला, सुमारे सोळा हजार माणसे कामी येतील वा जखमी होतील असे आधीच बजावले. आकडा जवळजवळ तेवढाच भरला. मग राजीनामा का दिला नाही? दिला असता तरी चढाई टळली नसती. राहून त्यांनी तयारीला वेळ, तोफा आणि रस्ते मागून घेतले.

शिपायांना ते आवडत नसत, हेही खरे: स्थूल अंग, अवघडलेली वाणी, मरणाऱ्याला अमरत्वाची ग्वाही देणारे आदेशपत्र. पण अप्रियता म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. मॉन्सच्या आरोपावरून करींनी लावलेल्या १९२८ च्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात ज्यूरीने पन्नास हजारांच्या मागणीवर पाचशे डॉलर दिले, म्हणून काही जण हसतात. पण निकाल करींच्याच बाजूने लागला. त्यांच्यावर खरोखर भरण्याजोगा खटला वेगळाच होता: १९१४ मध्ये पलटणीच्या गणवेशांसाठी आलेले दहा हजारांहून अधिक डॉलर त्यांनी स्वतःच्या कर्जफेडीत घातले आणि १९१७ मध्ये हाताखालच्या दोन अधिकाऱ्यांकडून उसने घेऊन फेडले. तो खटला कोणी भरलाच नाही.